नावाचा रकाना

वहीत सगळं आहे.
लिंबं दोन आणे. ब्लॅडर एक, पुण्याहून, पोस्टानं.
चामड्याला चोळायला एरंडेल.
खानापूरला जाऊन यायचं तिसऱ्या वर्गाचं भाडं, अकरा जणांचं.
मी बारावा,
मी घरच्या पैशानं गेलो.

कॉलेज म्हणजे तीन खोल्या आणि एक घंटा.
प्राचार्यांना खेळाचं वावडं,
पण कँपातल्या साहेबानं बोलावणं धाडलं
आणि नाही म्हणायला जीभ वळली नाही.
असा झाला आमचा संघ.

गोलात बसलिंग हुद्दार, दाराएवढा,
खाली वाकायचा मात्र कंटाळा.
मागं अल्लीसाब आणि नेमगोंडा.
एक रोजा धरून पळायचा, दुसरा
दिवस बुडायच्या आत जेवायला पळायचा,
म्हणून शेवटची दहा मिनिटं आमची डावी बाजू उघडीच.
पुढं इनास लोबो, त्याच्या एकट्याच्या पायात बूट,
तेही पोलिसातल्या मामाचे.
आणि धोंडदेव, जो शिव्या कानडीत द्यायचा
आणि लागलं की मराठीत रडायचा.

शहापूरच्या पोरांनी चार घातले.
गोकाकच्या गिरणीनं सात,
पण त्या दिवशी धबधबा बघितला,
त्यामुळं तो दिवस कुणी हरलेल्यात धरत नाही.
खानापुरात सामना झालाच नाही.
खांबाचे बांबू कुणीतरी मांडवाला नेले होते,
आम्ही त्याच लग्नात जेवलो.
धारवाडपुढं मी नुसतं 'पाऊस' लिहिलंय.
पाऊस पडला नव्हता.

मग जानेवारी, रेसकोर्सचं मैदान, गोऱ्यांची पलटण.
धुकं असं, की बसलिंग आपलेच पाय चाचपून बघायचा.
सहा गोल त्यानं ऐकले फक्त.

गोऱ्यांच्या खांबापासून दोन हात लांब
कल्लाप्पा बसलेला, चांभाराचा पोरगा,
आरी, मेण, दोरा घेऊन,
टाका उसवला तर बसल्या जागी शिवायला.
रेघेच्या आत यायचं नाही, हे त्याला
कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

मी कोपऱ्यातल्या निशाणापाशी.
धुक्यातून चेंडू आला, एकटाच, दमलेला,
बाहेर चाललेला.
कल्लाप्पा उठला. आरी दातात धरली.
एक पाऊल आत.
तळव्यानं चेंडू आधी दाबून बघितला,
जसा तो शिवून झाल्यावर दाबायचा,
आणि मग पायाच्या आतल्या अंगानं
दोन खांबांमधून हळूच सोडून दिला,
कोकरू कुंपणाआड सोडावं तसा.
परत येऊन बसला.

पंच पोचला तेव्हा चेंडू खांबांच्या मागं पडलेला
आणि गोरा गोलकीपर स्वतःलाच शिव्या घालत होता.
शिट्टी झाली.
वर्षातला आमचा एकुलता गोल.

धोंडदेवाला वाटलं इनासनं मारला.
इनासला वाटलं धोंडदेवानं, पण तो बोलला नाही.
त्याला खांद्यावर घेऊन खडे बाजारातून फिरवला,
मामाचा एक बूट वाटेत पडला, मिळाला नाही.
रात्री चिरमुरे खाताना मला विचारलं,
तू जवळ होतास की रे, कुणाचा?
मी म्हटलं, धुकं होतं.

गावाच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली,
परत बदलली.
अल्लीसाब गेला. नेमगोंडा हुबळीला असतो म्हणतात.
माझ्या चपला अजून कल्लाप्पाकडंच,
कँपाच्या वळणावर, चिंचेखाली.
परवा अंगठा शिवताना मी विषय काढलाच.
त्यानं मान वर केली नाही.
म्हणाला, हवा कमी होती की हो त्यात, त्या दिवशी.

घरी येऊन वही काढली.
टाक बुडवला, रिकाम्या रकान्यात
'कल्लाप्पा' लिहिलं,
आणि आडनावापाशी थांबलो.
चाळीस वर्षं त्याच्याकडं जातोय.
विचारलंच नव्हतं.